श्वासाच्या मापाने घास

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवकाल अशा विषयांवर व्याख्याने झाली. त्या पंक्तीत एंजिनाच्या इंजेक्टरला पाट मांडून मिळावा, याचे आपणांस नवल वाटेल. त्यातून बोलणारा कलाशाखेचा पदवीधर. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत इंधनखर्चाची कागदपत्रे वाचण्यात आमची बरीच वर्षे गेली. आणि त्या कागदांतील ‘लिटर’ या शब्दामागे प्रत्यक्षात काय घडते हे समजून घेतल्याखेरीज पुढचा कागद वाचणे आम्हांला प्रशस्त वाटेना. जाणत्या कारागिरांना विचारून आणि आकडेमोड स्वतः करून जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आणखीही एक कारण आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची तरुण मुले हल्ली मोटारीच्या एंजिनाला सुपरचार्जर बसविण्याच्या गोष्टी करतात, आणि मग ‘इंजेक्टर केवढा घ्यावा?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, लहानच बरा, पेट्रोल कमी जाईल. मुले म्हणतात, मोठाच हवा, ताकद वाढेल. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धवट आहेत. आणि येथे चुकीच्या निवडीचा दंड म्हणजे कधी धुराने काळे झालेले आभाळ, तर कधी वितळलेला पिस्टन. म्हणून हा प्रश्न मुळापासून पाहू.

प्रथम स्वयंपाकघरात जाऊ. पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह आपल्या पिढीतील प्रत्येक घराने पाहिला आहे. टाकीत दाब असे, वर निपलला सुईच्या अग्राएवढे भोक असे, आणि त्यातून निघणारी रॉकेलची वाफ भोवतालची हवा ओढून निळ्या ज्योतीने जळे. भोकात काजळी धरली की पिन फिरवावी लागे. पण वारंवार पिन घालून भोक मोठे झाले की काय होई, ते आपल्या माता-भगिनींना सांगावयास नको. ज्योत पिवळी पडे, भांड्यांची बुडे काळी होत आणि रॉकेल मात्र जास्त जाई. इंधन वाढले होते. हवा वाढली नव्हती. हवेच्या मापापलीकडे दिलेले इंधन जळत नाही, त्याची काजळी होते, हा आजच्या विषयाचा पहिला नियम त्या स्टोव्हनेच आपणांस शिकविला आहे.

दुसरा नियमही तेथलाच. पंप अधिक मारला तर ज्योत मोठी होई, परंतु मारलेल्या पंपाच्या प्रमाणात नव्हे. भोकातून वाहणारे द्रव्य दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. उलट भोकाचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते आणि प्रवाहही सुमारे चौपट. म्हणजे दाब हे सावकाश चालणारे साधन आणि भोक हे झपाट्याने चालणारे. भोकाच्या मापात केसभर फरकही का महत्त्वाचा ठरतो, ते यावरून ध्यानात यावे.

आता एंजिन. एंजिनाची ताकद इंधनातून येते असे आपण म्हणतो; ते खरे, पण तिला मर्यादा घालते ती हवा. सिलिंडरात जेवढी हवा मावेल, तेवढेच इंधन त्यात जळू शकते. एक किलो डिझेल पूर्ण जळावयास साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. इंधन द्रवरूप असल्याने हवे तितके पंपाने ढकलता येते. हवा मात्र विरळ, ती सिलिंडरात आपणहून येईल तेवढीच. ती दाबून भरावी म्हणून जे यंत्र बसवितात त्याचे नाव सुपरचार्जर. लोहाराचा भाता तोच, फक्त त्याची फिरकी दर मिनिटाला हजारो फेरे घेणारी. ही फिरकी एंजिनाच्या दांड्याला जोडलेली असेल तर तिला नुसते सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर ती फिरत असेल तर तो टर्बो-सुपरचार्जर. ही दुसरी कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले.

या यंत्राशी आपला फार जुना परिचय आहे. फक्त ओळख करून घ्यावयाची राहिली होती. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह गावी निघताना आपल्या गाडीला वर्षानुवर्षे जे डिझेल एंजिन लागत असे, ते बहुधा ‘डब्ल्यूडीएम-२’ जातीचे. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्याचे हे एंजिन १९६२ साली प्रथम आपल्या देशात आले, आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागले. अडीच हजारांहून अधिक एंजिने झाली. त्या कारखान्याचे नाव २०२० साली बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स असे बदलले. विद्युतीकरणामुळे ही एंजिनेही मुख्य मार्गांवरून हटली आहेत. १९९८ साली संपूर्ण खुली झालेली कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये विजेखाली आली. परंतु इंजेक्टरच्या मापाचा धडा या एंजिनाइतका स्वच्छ दुसरे कोणी देत नाही, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

या एंजिनाला सोळा सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ९ इंच, दट्ट्याची चाल साडेदहा इंच. म्हणजे एका सिलिंडरात दट्ट्या सुमारे ११ लिटर जागा मोकळी करतो. आपल्या घरची पाण्याची कळशीच म्हणा. पूर्ण जोरात, मिनिटाला १००० फेऱ्यांवर, एंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती. अशा एंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे १६५ ग्रॅम डिझेल लागते. गुणाकार केला की ताशी सुमारे ४३० किलो, म्हणजे ५०० लिटरांहून किंचित अधिक.

आता हे इंधन किती घासांत जाते ते पाहू. चार-ठोक्यांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन फवारतात. १००० फेऱ्यांना एका सिलिंडरात ५०० फवारे. तासाला ३० हजार. सोळा सिलिंडरांत ४ लाख ८० हजार. ४३० किलोंना या संख्येने भागले की एका फवाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ०.९ ग्रॅम येतात, म्हणजे सुमारे एक घनसेंटिमीटर. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! शेकडो टनांची गाडी ओढणाऱ्या त्या धुडाचा एकेक घास एवढासा असतो, हे प्रथम कळले तेव्हा आम्ही तो भागाकार पुन्हा करून पाहिला होता.

या घासाला हवा किती लागेल? ०.९ ग्रॅमच्या साडेचौदा पट म्हणजे सुमारे १३ ग्रॅम, तीही केवळ पुस्तकी हिशेबाने. डिझेल एंजिनात फवारा आणि हवा यांचे मिश्रण व्हावयास क्षणाचाही अवधी नसतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट हवा द्यावी लागते. आणि आपल्या उन्हाळ्यात ११ लिटर साध्या हवेचे वजन भरते सुमारे १२ ग्रॅम. म्हणजे सुपरचार्जर नसता तर हा घास कागदावरसुद्धा पचला नसता. टर्बो हवा दाबतो, त्यापुढचा पाण्याचा शीतक ती निववितो, आणि सिलिंडरात दुपटीहून अधिक वजनाची हवा भरली जाते. तेव्हा कोठे तो एक घनसेंटिमीटरचा घास सुखाने जळतो. आधी श्वास, मग घास, हा क्रम येथे ठरून जातो.

हा क्रम मोडला की काय होते, तेही आपण सर्वांनी खिडकीतून पाहिले आहे. गाडी स्टेशनातून हलताना चालक खटका पुढे टाकी आणि एंजिनाच्या माथ्यावरून काळ्या धुराचा लोट उठे. पांढरे कपडे घालून खिडकीशी बसलेल्यांची त्या क्षणी तारांबळ होई. कारण सोपे आहे. इंधनाचा पंप गव्हर्नरच्या हुकमाने तत्काळ मोठा घास देतो. टर्बोची फिरकी मात्र धुराच्या झोतावर चालणारी, तिला वेग घ्यावयास काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद घास मोठा आणि श्वास तोकडा. वेग आला की तोच धूर विरळ होई. त्या धुरात आमच्यासारख्यांना पुढे रुपये-आणे-पै दिसू लागले, हा नोकरीचा परिणाम.

आता मापाच्या निवडीकडे येऊ. या एंजिनात प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र पंप असतो. त्यातील पोलादी प्लंजरचा व्यास मुळात १५ मिलिमीटर. पंपाने ढकललेले डिझेल नॉझलपाशी येते आणि दर चौरस इंचाला सुमारे ४००० पौंड दाब झाला की नॉझल उघडून बारीक छिद्रांतून धुक्यासारखे आत जाते. १९७३ च्या ऑक्टोबरात पेटलेल्या तेलसंकटाने काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट केला, आणि पुढील दशकात भारतीय रेल्वेत डिझेलचा थेंबन् थेंब मोजण्याची निकड निर्माण झाली. तेव्हा लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने या एंजिनांसाठी इंधन वाचविणारा सुधारणांचा संच आला. त्यात अधिक कार्यक्षम टर्बो आणि मोठा शीतक होता. आणि इंधनाच्या पंपाचा प्लंजर १५ ऐवजी १७ मिलिमीटरचा होता.

येथे सामान्य माणूस थबकतो. इंधन वाचवावयाचे, आणि पंप मोठा? वर्गांचा हिशेब केला तर १५ चा वर्ग २२५, १७ चा २८९. म्हणजे तेवढ्याच चालीत सुमारे २८ टक्के जास्त डिझेल ढकलणारा पंप! ही बचत की उधळपट्टी?

उत्तर असे, की घास केवढा घ्यावयाचा हे पंपाचा व्यास ठरवीत नाही. ते गव्हर्नर ठरवितो. प्लंजरच्या अंगावर तिरका काप असतो. गव्हर्नर एका दांड्याने प्लंजर किंचित फिरवितो आणि त्या कापामुळे चालीचा किती भाग कामी यावा हे नियंत्रित होते. एक घनसेंटिमीटरच्या घासासाठी १५ मिलिमीटरच्या प्लंजरला जवळजवळ ६ मिलिमीटर चाल कामी लावावी लागते; १७ मिलिमीटरच्याला पावणेपाचाहून कमी. घास तोच, तो देण्याचा अवधी मात्र आखूड झाला.

आणि या अवधीतच सारे मर्म आहे. दट्ट्या वरच्या टोकाशी असताना जळलेले इंधन त्याला पूर्ण लांबीपर्यंत ढकलते. दट्ट्या निम्मा खाली आल्यावर जळलेले इंधन काम थोडे करते आणि धुराच्या नळीवाटे उष्णता अधिक फेकते. मिनिटाला १००० फेऱ्यांवर संपूर्ण फवाऱ्याला मिळतात सेकंदाचे चार-पाच हजारांश. मोठ्या प्लंजरमुळे दाब चढतो, धुके अधिक बारीक होते, आणि फवारा वेळेवर आटोपतो. तेव्हा ‘मोठा पंप’ म्हणजे ‘जास्त इंधन’ नव्हे. ‘तेवढेच इंधन, पण योग्य मुहूर्तावर’ असा त्याचा अर्थ. मात्र कोणी नुसते पंप बदलून गव्हर्नरची मर्यादा पूर्वीचीच ठेवली असती, टर्बो व शीतक जुनेच ठेवले असते, तर धूर वाढून टर्बोची पाती तापली असती. माप एकट्याने बदलत नाही; त्याचे सारे गोत बदलावे लागते.

हे झाले डिझेलचे. पेट्रोलचा स्वभाव निराळा, आणि घरातील मुलांचा प्रश्न बहुधा पेट्रोलच्या मोटारीचा असतो. डिझेलला हवा जास्त झाली तर बिघडत नाही; पेट्रोलला हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठराविक मर्यादेत लागते. सुपरचार्जरने हवा वाढविली आणि इंजेक्टर लहान पडला, तर मिश्रण कोरडे होते, ज्वाला फार तापते, ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता मिश्रणाचा उरलेला भाग एकदम भडकतो. यालाच ‘एंजिन नॉक मारते’ असे म्हणतात. पूर्ण जोरात असे काही क्षण झाले तरी पिस्टनला भोक पडू शकते. म्हणजे डिझेलमध्ये जास्त इंधनाचे भय, पेट्रोलमध्ये कमी इंधनाचे. वडीलधाऱ्यांचा ‘लहानच बरा’ हा सल्ला येथे चालत नाही तो यासाठी.

हिशेब मात्र तितकाच सरळ आहे. समजा, सुपरचार्जर बसविल्यावर चार सिलिंडरांच्या एंजिनाकडून २०० अश्वशक्ती अपेक्षित आहे. अशा एंजिनाला पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. साध्या एंजिनापेक्षा जास्त, कारण थोडे पेट्रोल मुद्दाम सिलिंडर थंड राखण्यासाठी खर्ची घालतात. एकूण ५४ किलो. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला साडेतेरा. परंतु इंजेक्टर सतत उघडा ठेवू नये. त्याची विजेवर चालणारी सुई उघडमीट करावयास वेळ घेते आणि तापते. म्हणून शंभरातले ऐंशी भागच काम द्यावे. साडेतेराला ०.८ ने भागले की ताशी सुमारे १७ किलो. म्हणजे मिनिटाला ३८० घनसेंटिमीटरच्या आसपास. हे झाले त्या एंजिनाचे माप.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की इंजेक्टरवर लिहिलेले माप ठराविक दाबाचे असते, बहुधा ३ बारचे. आता सुपरचार्जर नळीत ०.७ बार दाब भरतो आणि इंजेक्टरला त्या दाबाविरुद्ध फवारावे लागते. इंधनाचा दाब तितकाच वाढविण्याची सोय नसेल तर हाती उरतो २.३ बारचा फरक, आणि वर्गमुळाच्या नियमाने प्रवाह सुमारे १२ टक्क्यांनी घटतो. तोही नेमका अधिक इंधनाची गरज असताना. म्हणून इंधनाचा दाबनियामक नळीच्या दाबाशी जोडलेला असावा. दुसरा असा, की भीतीपोटी दुप्पट मापाचा इंजेक्टर घेतला, तर चौकात मंद चालणाऱ्या एंजिनाला लागणारा इवलासा घास त्याला मोजून देता येत नाही. सुई उघडते न उघडते तोच मिटावी लागते, आणि प्रत्येक फवारा कमी-जास्त होतो. एंजिन अडखळते, प्लग काळे पडतात, न जळलेले पेट्रोल सिलिंडरावरील तेलाचा थर धुऊन नेते. मुलांचा ‘मोठाच हवा’ हा आग्रह येथे गळून पडतो.

गरजेइतकेच भोक याचे एक अविस्मरणीय उदाहरण सांगून आवरते घेतो. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन विमाने जर्मन विमानांशी झुंजत होती. ब्रिटिशांच्या मर्लिन एंजिनाला सुपरचार्जर होता, पण इंधन कार्ब्युरेटरमधून येई. जर्मनांच्या डेमलर-बेन्झ एंजिनात ते थेट सिलिंडरात फवारले जाई. जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली दाबून निसटे. मागोमाग ब्रिटिश वैमानिकाने तसे केले की कार्ब्युरेटरमधील इंधन उसळून एंजिन प्रथम उपाशी पडे. आणि लगेच पंपाने लोटलेल्या अतोनात इंधनाने गुदमरे. युद्धात तेवढे क्षण प्राणांच्या मोलाचे.

उपाय काढला तो फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेतील अभियंता बिअट्रिस शिलिंग यांनी. इंधनाच्या नळीत बसणारी एक पितळी चकती, तिला मधोमध भोक. भोकाचे माप असे, की पूर्ण जोरात एंजिनाला लागणारे इंधन जावे, त्याहून अधिक जाऊ नये. सुपरचार्जरचा दाब कमी-अधिक असलेल्या एंजिनांसाठी तिची दोन मापे होती. १९४१ च्या मार्चपासून ही चकती विमानतळा-विमानतळावर, विमाने सेवेतून न काढता, बसविण्यात आली. उपासमारीचा पहिला क्षण तिने जात नव्हता. पण गुदमरून एंजिन बंद पडणे टळले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या भारतीय हवाई दलातील वैमानिकांनी पुढे जी हरिकेन विमाने चालविली, त्यांतही मर्लिनच एंजिन होते. एका बाईंनी आकडेमोड करून पाडलेले एक भोक. त्यावर कित्येकांचे प्राण तरले.

तेव्हा घरात हा प्रश्न पुन्हा निघाला, तर मुलांना रागावू नका आणि नुसते ‘घे’ असेही म्हणू नका. त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवा. पहिला प्रश्न विचारा, एंजिनाला हवा किती मिळणार? दुसरा, तेवढ्या हवेला इंधन किती? तिसरा, ते देण्यास अवधी किती? चौथा, कोणत्या दाबाने? आणि पाचवा, सर्वांत मंद चालीतही हा इंजेक्टर घास मोजून देईल ना? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, की दुकानात कोणते माप मागावयाचे ते आपोआप ठरते. ती मिळत नसतील, तर एंजिन जसे आहे तसेच बरे. आणि ही आकडेमोड आठवी-नववीच्या गणिताने होते. आम्ही ती तेवढ्याच बळावर केली आहे.